मांडव, पंगत आणि पाणी : वाचकांचे प्रश्न

लग्नसराईच्या तोंडावर या सदराकडे आलेल्या पत्रांत यंदा पर्यावरणपूरक लग्नाविषयीचे प्रश्न बरेच आहेत आणि त्यांतील बहुतेक मराठवाड्यातून आले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलीचे लग्न मे महिन्यात गावातच करण्याचे ठरत आहे. उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक रोप देऊन लग्न पर्यावरणपूरक करावे, असा मुलाकडच्यांचा आग्रह आहे. बाराशेच्या आसपास माणसे होतील. सुरुवात कोठून करावी?
— वधूपिता, केज तालुका

रोपांचा विचार सर्वांत शेवटी करावा. मे महिन्यात हातात दिलेले रोप पाहुण्याच्या जीपमधून घरी पोचेपर्यंत माना टाकते आणि जे तग धरते त्यालाही मृग लागेपर्यंत रोज पाणी घालावे लागते. ज्या गावात माणसांनाच दिवसाआड पाणी मिळते, तेथे हे होणार नाही. मागे उरतील त्या बाराशे काळ्या प्लास्टिक पिशव्या. झाडे लावायचीच असतील, तर पाऊस पडल्यावर शाळेच्या आवारात किंवा स्मशानभूमीच्या कुंपणाशी मोजकी झाडे लावावीत आणि पुढील दोन-तीन उन्हाळे ती जगवण्याची जबाबदारी दोन्ही घरांनी वाटून घ्यावी.

आपल्या भागात लग्नाचा निसर्गावरील भार ठरतो तो मुख्यतः तीन गोष्टींनी : तिथी, माणसांची संख्या आणि पाणी. सजावट, पत्रिका, भेटवस्तू हे सारे त्यानंतरचे आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, ही आठवण मराठवाड्यात अजून ताजी आहे. त्यामुळे शक्य असेल, तर लग्नाची तिथी मार्गशीर्षात किंवा माघ-फाल्गुनात काढावी. त्या काळात विहिरींना पाणी असते, उन्हाचा तडाखा नसतो, कूलर लागत नाहीत आणि अन्नही लवकर आंबत नाही. अर्थात हा सल्ला सर्वांना लागू पडत नाही, याची जाणीव मला आहे. आपल्या केज, धारूर, वडवणी पट्ट्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्या घरची लग्ने उन्हाळ्यातच होणार, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आपले व्याही किंवा भावकी त्यांपैकी असतील, तर तिथीचा हट्ट सोडून पुढील दोन गोष्टींवर भर द्यावा.

माणसांच्या संख्येबाबत स्पष्ट बोलणे अवघड जाते. खेड्यात चूलबंद आवतण, म्हणजे घरातील सर्वांना जेवणाचे निमंत्रण, देण्याची रीत आहे आणि ती मोडली, तर भावकीत वर्षानुवर्षे धुसफूस चालते. ती मोडावी असे मी म्हणत नाही. मात्र लग्न, हळद, देवदेवक, सत्यनारायण आणि परतावणी या प्रत्येक वेळी गावजेवण घालण्याची जी नवी टूम निघाली आहे, तिला रीतीचा आधार नाही. गावजेवण एकदाच, लग्नाच्या दिवशी द्यावे आणि बाकीचे विधी घरातल्या माणसांत करावेत. स्वयंपाकाचे माप सांगताना आचारी साधारणपणे दहा-पंधरा टक्के वाढवूनच सांगतो, आणि कार्यमालक अन्न कमी पडून नाचक्की होईल या धास्तीने त्यावर आणखी चढवतो. हे दोन हात एकमेकांना ठाऊक नसतात, म्हणून अन्न उरते. आचाऱ्याला समोर बसवून, त्याने आधीच किती वाढवले आहे हे विचारावे आणि आपण वर काही चढवू नये.

आता पाणी. बाराशे पाहुण्यांनी प्रत्येकी तीनच छोट्या बाटल्या उघडल्या, तरी छत्तीसशे बाटल्या होतात आणि त्यांतील निम्म्या अर्ध्या भरलेल्याच मांडवाच्या कडेला पडतात. मे महिन्यात माणशी दीड लिटर धरले, तर अठराशे लिटर पाणी लागते, म्हणजे वीस लिटरचे नव्वद जार. बाटल्यांपेक्षा जार केव्हाही बरे, परंतु फिल्टरचे पाणी तयार करताना खारट पाण्याचा मोठा हिस्सा वाया जातो, हेही लक्षात ठेवावे. गावच्या नळयोजनेचे किंवा विहिरीचे पाणी गोडे असेल, तर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनची पावडर) टाकून घ्यावे, ओ.टी. टेस्ट (पाण्यात क्लोरीन उतरले आहे की नाही हे दाखवणारी चाचणी) करून घ्यावी आणि ते पाणी झाकलेल्या टाक्यांत भरून तोट्या बसवाव्यात. स्टीलचे पेले आणि प्रत्येक टाकीपाशी ओगराळे हाती घेतलेला एक जबाबदार माणूस एवढ्यावर काम भागते. पेला बुडवून पाणी घेण्याची मुभा मात्र कोणालाही देऊ नये. उन्हाळ्यातील जुलाबाच्या साथी तेथूनच सुरू होतात.

मुहूर्ताविषयी एक आगाऊ सूचना करतो. सकाळी अकराच्या आतला मुहूर्त धरला, तर दिव्यांचा आणि कूलरचा खर्च वाचतो, जनरेटर लागत नाही. आपल्याकडे पत्रिकेत साडेबाराची वेळ असते आणि अक्षता पडतात तीनला. तोवर उन्हात बसलेली माणसे पाण्याच्या बाटल्याच बाटल्या संपवतात.

प्रश्न : केटररने चांदीच्या रंगाची चकचकीत कागदी ताटे सुचवली असून त्यांत प्लास्टिक नाही, असे तो सांगतो. माझी पसंती पळसाच्या पत्रावळींना आहे, पण आईला त्या कमीपणाच्या वाटतात. स्टीलच्या ताटांना पाणी लागते. काय निवडावे?
— नियोजित वर, परभणी

चकचकीत ताटाची परीक्षा घरीच करता येते. ताटाचा एक तुकडा फाडून रात्रभर पाण्यात भिजत घालावा. सकाळी कागदाचा लगदा होऊन वरचा पातळ पापुद्रा सबंध सुटून आला आणि तो ताणला असता रबरासारखा लांबला, तर ते प्लास्टिक आहे. असे ताट मातीत कुजत नाही, रद्दीवाला घेत नाही, आणि लग्न उरकल्यावर कार्यालयाच्या मागे पेटवून दिले की त्याचा धूर शेजारच्या वस्तीत जातो. चहाच्या कागदी कपांनाही आतून असाच थर असतो. थर्माकोलची ताटे-वाट्या आणि एकदाच वापरायची प्लास्टिकची भांडी यांवर महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारनेही देशभर तशी बंदी लागू केली. राज्याच्या नियमानुसार पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार रुपये दंड आहे आणि तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपयांसह तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केटररशी करार करताना हे त्याच्या कानावर घालावे.

पत्रावळ आणि स्टील यांतील निवड पाण्यावर करावी. लग्न पावसाळ्यानंतर, पाण्याची ददात नसलेल्या ठिकाणी असेल, तर स्टीलची ताटे उत्तम. बऱ्याच गावांत देवस्थानाची किंवा बचत गटाची सार्वजनिक भांडी नाममात्र भाड्याने मिळतात. ती धुताना वाहत्या नळाखाली धरू नयेत. खरकटे हाताने निपटून, पहिल्या घंगाळात राखेने किंवा कोंड्याने घासून, पुढील दोन घंगाळांत विसळली, तर पाणी फार कमी लागते आणि शेवटच्या घंगाळाचे पाणी नंतरच्या पंगतीच्या भांड्यांना पहिल्या घंगाळात वापरता येते. साबणाऐवजी राख असल्यास ते पाणी परसातील झाडांनाही चालते.

लग्न एप्रिल-मेमध्ये, टँकरच्या गावात असेल, तर पळसाच्या पत्रावळीला तोड नाही. तिला धुवावे लागत नाही आणि ती खड्ड्यात टाकली की कुजून जाते. फक्त ती कशी वापरायची हे नव्या वाढप्यांना ठाऊक नसते. उन्हाळ्यात कोरडी पत्रावळ टाचलेल्या काडीपाशी तडकते आणि पातळ वरण थेट सतरंजीवर येते, मग सगळे खापर पत्रावळीवर फुटते. आदल्या संध्याकाळी गठ्ठ्यांवर पाणी शिंपडून त्यांवर ओले गोणपाट टाकून ठेवावे. सकाळपर्यंत पाने लवचिक होतात. आमटीसाठी दुहेरी पानांचे द्रोण घ्यावेत. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळींना खालून कधी कधी प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तेव्हा नमुना उलटा करून पाहावा. पळसाची पाने वसंतात गळून नवी पालवी येते, म्हणून उन्हाळ्यातील लग्नाचा माल आधीच्या साठ्यातून येतो. किनवट, माहूरकडील किंवा जवळच्या बचत गटांकडे दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवलेली बरी.

आईंना एवढेच सांगावे की, भंडाऱ्याला आणि सप्ताहाच्या काल्याला आपण पत्रावळीवरच जेवत आलो आहोत आणि तेथे कोणाला कमीपणा वाटत नाही.

प्रश्न : मागील वर्षी नात्यातील एका लग्नात उरलेला भात, पोळ्या आणि बुंदी गोशाळेत नेऊन दिली. अन्न वाया गेले नाही, याचे सर्वांनी कौतुक केले. आमच्याकडील लग्नातही तसेच करावे का?
— एक वाचक, औसा तालुका

करू नये. हेतू पुण्याचा असला, तरी परिणाम उलटा होऊ शकतो. गाय, बैल, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे असून त्यांच्या पहिल्या पोटातील जिवाणू कडबा आणि हिरवा चारा सावकाश पचवण्यास सरावलेले असतात. शिजलेला भात, पोळ्या आणि गोड पदार्थ एकदम मोठ्या प्रमाणात पोटात गेले की त्यांतील पिष्ट झपाट्याने आंबते, पोटात आम्ल वाढते आणि ते रक्तात भिनते. जनावर चारा सोडते, रवंथ थांबते, पोट तटतटते, आंबूस वासाचे पातळ जुलाब होतात आणि वेळेत उपचार न झाल्यास दिवस-दोन दिवसांत ते दगावते. पशुवैद्यकात याला ॲसिडोसिस म्हणतात. लग्नाच्या अन्नासोबत दात कोरायच्या काड्या आणि प्लास्टिकचे चमचेही पोटात जातात, तो धोका वेगळाच. अशी लक्षणे दिसताच घरगुती उपाय करत न बसता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. एखाद-दुसरी पोळी गायीला घालणे ही गोष्ट निराळी. प्रश्न पातेलीच्या पातेली ओतण्याचा आहे.

उरलेले अन्न माणसांपर्यंत पोचवायचे असेल, तर त्याची तयारी लग्नाच्या आधी करावी लागते. रात्री दहाला एखाद्या वसतिगृहाला किंवा अन्न गोळा करणाऱ्या संस्थेला फोन लावून उपयोग नसतो, कारण तेथील मुले तोवर जेवून झोपलेली असतात. आधी बोलून वेळ ठरवावी आणि पंगती चालू असतानाच, पानात न वाढलेले गरम अन्न झाकणाच्या डब्यांत भरून पाठवावे. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वरण-भात, पनीर किंवा खव्याचे पदार्थ दोन तासही बाहेर ठेवण्याजोगे राहत नाहीत. शिळे अन्न दान करून कोणाला विषबाधा झाली, तर ते दान कोणत्या खात्यात मांडायचे? बुंदी, शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी यांसारखे कोरडे पदार्थ मात्र दुसऱ्या दिवशी निर्धास्त वाटता येतात.

खरी बचत चुलीपाशीच होते. भाताचे शेवटचे पातेले चढवण्याआधी आणि पुऱ्यांचा किंवा भज्यांचा शेवटचा घाणा टाकण्याआधी घरातील एका जाणत्या माणसाने मांडवात फिरून न जेवलेली माणसे मोजावीत आणि मगच आचाऱ्याला खूण करावी. हे काम नवरदेवाच्या मामाला द्यावे, एरवी तो फक्त रुसायला मोकळा असतो. पदार्थांची संख्याही आवरावी. येसर आमटी, भाकरी किंवा पोळी, एक सुकी भाजी, भात, ठेचा, बुंदी आणि मठ्ठा एवढ्या जेवणाला मराठवाड्यात कोणी नावे ठेवत नाही. चायनीज आणि पास्त्याच्या स्टॉलवरच अर्धवट टाकलेल्या ताटल्यांचा ढीग सर्वांत उंच असतो.

यानंतरही जे उष्टे-खरकटे राहील ते शेताच्या बांधावर कमरेएवढ्या खड्ड्यात, पाचट किंवा पालापाचोळा, शेण आणि माती यांच्या थरांसह पुरावे. तेलकट रस्सा एका जागी ओतू नये, त्याने कुजण्याची क्रिया मंदावते.

प्रश्न : आमच्याकडे मंगलाष्टकांपूर्वी माईकवर नावे पुकारून पाहुण्यांना टोपी, टॉवेल, शाल, नारळ देतात. त्यात तास जातो आणि त्या टोप्या कोणी वापरत नाही. हे बंद करावे असे वाटते, पण शब्द कोणी काढायचा?
— निवृत्त शिक्षक, अंबड तालुका

आपल्या प्रश्नातच नेमके दुखणे आले आहे. सत्काराची टोपी खळ घातलेल्या इतक्या विरळ कापडाची असते की ती एका पावसात विरघळावी, आणि टॉवेल तर पाणी टिपतच नाही. तरी तो बस्त्यात डझनाच्या भावाने बांधला जातो. मानपानाच्या साड्यांचे तेच. एका लग्नात मिळालेली साडी घडी न मोडता पुढच्या लग्नात दिली जाते. कापसाच्या लागवडीला, कापड रंगवायला किती पाणी आणि रसायने लागतात याचा विचार केला, तर न वापरण्यासाठी विणलेले कापड ही मोठीच नासाडी आहे.

शब्द वरपक्षाने काढावा. वधूपक्षाने काढला, तर तो चिक्कूपणा ठरतो आणि मुलीला पुढे ऐकून घ्यावे लागते. सुपारी फुटते त्याच बैठकीत, चार वडीलधाऱ्यांसमोर, मुलाच्या वडिलांनी ‘आम्हाला सत्कार नको, मानपानाचे कापड नको, आहेर घेणार नाही’ असे सांगावे आणि पत्रिकेत तशी ओळ छापावी. आजोबांना किंवा थोरल्या मामांना फेटा बांधायचाच असेल, तर दोन-चार जणांना चांगला बांधावा. त्यासाठी खादी हवी असल्यास ती आपल्याच भागात मिळते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तर राष्ट्रध्वजाचे कापड तयार करते.

प्रश्न : पत्रिका छापावी की मोबाईलवर पाठवावी? आणि हळदीच्या कार्यक्रमासाठी हळद कोणती आणावी?
— नियोजित वधू, हिंगोली

दोन्ही. कुलदैवतापुढे ठेवण्यासाठी आणि अक्षत घेऊन घरी जायचे असते त्या वडीलधाऱ्यांसाठी थोड्या छापाव्यात, बाकीच्यांना मोबाईलवर पाठवावी. छापताना लॅमिनेशन आणि सोनेरी वर्ख टाळावा, कारण असा कागद पुन्हा लगद्यात जात नाही. पत्रिकेभोवती प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळण्यावर तर २०२२ पासून बंदीच आहे. निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक आणि ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बाळगोपाळ मंडळी ही यादी आवरली, तर पत्रिका एका पानात मावते. मात्र कोणाचे नाव गाळायचे हे ठरवण्याची जबाबदारी या सदरावर टाकू नये.

हळदीबद्दलही आपण विचारले आहे. रंग मिसळलेली तयार पाकिटे घेण्याची आपल्याला तर मुळीच गरज नाही. आपल्या जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडे आणून घरी दळावीत.

प्रश्न : मांडवाची सजावट नैसर्गिक करायची आहे. डेकोरेशनवाला ताजी फुले लावतो म्हणतो, तेवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, नांदेड

फुले ताजी असली, तरी ती कशात खोचली आहेत ते पाहावे. सजावटीत वापरला जाणारा हिरवा फोम दिसायला ओल्या मातीसारखा असला, तरी ते प्लास्टिकच आहे. ते कुजत नाही, नुसते चुरा होऊन मातीत मिसळते. त्याऐवजी पाण्याची मडकी किंवा ओल्या वाळूच्या कुंड्या वापरता येतात. झेंडू, शेवंती, निशिगंध ही जवळच्या शेतांत होणारी फुले सुती दोऱ्यात ओवून घ्यावीत. नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेल्या माळा खतात टाकता येत नाहीत.

मांडवडहाळ्यांची आपली रीत मुळात याच विचाराची आहे. आंबा, जांभूळ, उंबर यांच्या डहाळ्या बैलगाडीतून वाजतगाजत आणून गावाने मांडव घालायचा आणि सावली करायची, असा तो विधी होता. आता मांडव कापडाचा असतो, तेव्हा विधीपुरती प्रत्येकी एक डहाळी पुरे. ट्रॉली भरून फांद्या छाटण्याचे कारण नाही. शुभेच्छुकांचे फ्लेक्स लावू द्यायचे नाहीत, हे मित्रमंडळींना आधीच बजावावे.

प्रश्न : मुलगा डीजे आणि फटाक्यांसाठी हटून बसला आहे. कायदा काय सांगतो?
— वरपिता, उदगीर

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर हे शांतता क्षेत्र असते. डीजेच्या भिंती दिवसाही या मर्यादेत बसत नाहीत. लडींवर आणि बेरियमयुक्त फटाक्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली आहे. हलगी आणि संबळ यांवर वरात डीजेइतकीच रंगते, वाजवणारी माणसेही आसपासच्या गावांतीलच असतात आणि त्यांना जनरेटर लागत नाही.

प्रश्न : वऱ्हाड ऐंशी किलोमीटरवरून यायचे आहे. पंधरा-वीस गाड्या होतील. काही पर्याय?
— एक वाचक, कळंब तालुका

एसटीची गाडी ‘प्रासंगिक करारा’वर लग्नासाठी मिळते. दोन गाड्यांत नव्वदच्या आसपास माणसे बसून येतात. जवळच्या आगारात अर्ज करून अनामत भरावी लागते. लग्नतिथी दाट असतात तेव्हा गाड्या लवकर संपतात, म्हणून तिथी निघाली की लगेच आगारात जावे. मुक्कामाचे तास आणि येण्या-जाण्याचा मार्ग अर्जातच नीट लिहावा. आयत्या वेळी वाटेत देवदर्शन घुसडले, तर जादा किलोमीटरचे पैसे पडतात आणि चालकाशी हुज्जत होते.